खंजिरीने अडवलेली तबकडी

सकाळी दहाला मँचेस्टरच्या स्टुडिओत कापून आलेली चाचणीची तबकडी लावली. पहिली दोन मिनिटं झकास गेली. मग खंजिरी फाटायला लागली. 'छन्न'च्या जागी नुसतं 'खर्र', आणि शेवटच्या ध्रुवपदात तर गायिकेचा प्रत्येक 'स' सुद्धा त्यातच मिसळलेला. टेपवर हेच सगळं स्वच्छ होतं.

काम नॉर्दर्न सोलच्या (उत्तर इंग्लंडच्या नाचघरांत गाजलेल्या अमेरिकन सोल संगीताच्या) साच्यातल्या नव्या गाण्याचं, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या सात इंची तबकडीसाठी. तिकडच्याच विगन कॅसिनो या नाचघरात १९७३ ते १९८१ या काळात लोक रात्रभर ज्या साच्यावर नाचले, तोच हा : मिनिटाला १२६ मात्रा, स्नेअर (ड्रममधला कडक आवाजाचा छोटा ढोल) चारही मात्रांवर आणि वरून खंजिरी. (इंग्रजांची टॅम्बुरिन. आपल्या खंजिरीसारखीच, पण आमच्या हिला चामडं नव्हतं.)

आधी सुईवर संशय घेतला. चाचणीची ही लॅकरची तबकडी मऊ असते, थोड्याच वेळा वाजवली तरी वरचे स्वर झिजतात; पण हे पहिलंच वाजवणं होतं. बारीक टोकाची सुई लावली तर खरखर कमी झाली. मात्र नाचाच्या हॉलमध्ये बहुतेक डीजे गोल टोकाचीच सुई वापरतात, म्हणजे निकाल तिच्यावरच लावायचा.

खरं कारण भूमितीत आहे. फेऱ्या तेवढ्याच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम २५. दहा हजार हर्ट्झची लहर तिथे २५ मायक्रॉनवर येते. एवढ्या दाट वळणांत गोल सुई बसतच नाही. आमचं गाणं ३ मिनिटं १८ सेकंदांचं, आणि संगीत सगळ्यात दाट कुठे? शेवटी, म्हणजे नेमकं सगळ्यात आत.

मग खंजिरी कमी करा, इतकं सोपं! पण आमच्याकडे अर्ध्या इंची टेपवर आठच ट्रॅक. ड्रम आणि खंजिरी एकाच ट्रॅकवर, एकाच माइकसमोर. शिवाय सगळे एका खोलीत वाजवत असल्याने ती पियानोच्या आणि ब्रासच्या माइकमध्येही शिरलेली. वरचे स्वर दाबून पाहिले, तर स्नेअरची धारही गेली. तबकडी कापणाऱ्याने आवाज दोन डेसिबल खाली ठेवून कापायची तयारी दाखवली. पण जुन्या तबकडीनंतर लावल्यावर ती पुळचट वाटली असती. मिक्समध्ये उपाय नव्हता. पुन्हा वाजवणं भाग होतं.

दुपारी खंजिरीवाल्याला ड्रमपासून तीन मीटर मागे, भिंतीवर टांगलेल्या जाड घोंगडीकडे तोंड करून उभं केलं. निम्म्या झांजांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळली. अर्ध्या-अर्ध्या मात्रेवरचा सततचा छनछनाट बंद. फक्त दुसरी आणि चौथी मात्रा. स्नेअरवर चहाचा टॉवेल. बास गिटार माइकशिवाय थेट मिक्सिंग डेस्कमध्ये, सपाट गुंडाळीच्या तारा आणि ब्रिजपाशी स्पंजचा तुकडा. हे आधीच नीट जमलेलं, त्याला हात लावला नाही.

गाणं २:४० वर आणलं. दुसऱ्या कडव्यानंतरचा सॅक्सोफोनचा तुकडा गेला, शेवटचं ध्रुवपद एकदाच. सॅक्सवाला नाराज झाला, आणि त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण खाचांमधलं अंतर तेच ठेवलं तरी ३८ सेकंद वाचल्याने शेवट सुमारे साडेपाच मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकतो. तिथे वेग सेकंदाला २८ सेंटिमीटरवर राहतो.

टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे अडीच हजार फुटांच्या रिळावर ३३ मिनिटं. मेट्रोनोम फक्त सुरुवातीला ड्रमरच्या कानात, नंतर बंद. पाचवा टेक घेतला. चौथा जास्त अचूक होता, पण त्यात ठेका ढकलत नव्हता. ताल नवा म्हटल्यावर ब्रास आणि गाणंही नव्याने. 'स' साठी गायिकेला माइकच्या थोडं बाजूला तोंड करून गायला लावलं.

मिक्स मोनोच, म्हणजे डावं-उजवं वेगळं न करता एकच आवाज. मोनोत सुई फक्त आडवी हलते, खाचेची खोली बदलत नाही, म्हणून आवाज मोठा कापता येतो.

रात्री साडेनऊला दुसरी चाचणी आली. गोल सुई, शेवटची वीस सेकंदं, तीनदा. खंजिरी खंजिरीच राहिली. मग मास्टरची लॅकर तबकडी कापली. ती कुणीही वाजवली नाही. शेवटच्या मोकळ्या पट्टीत क्रमांक कोरला आणि छापाचा साचा काढायच्या धातूच्या मुलाम्यासाठी डब्यात बंद केली.