तुम्ही विचारलंत म्हणून: फौजी कार्डाची झेरॉक्स

देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, आणि लॅम रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाइकांत फौजी, माजी फौजी भरपूर. म्हणून आठवड्याला कोणीतरी हटकतंच, "दादा, आर्मीच्या कार्डाची झेरॉक्स काढणं गुन्हा आहे ना? मग तुम्ही कशी काढता?"

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपात "फौजी कार्डाची प्रत काढणं गुन्हा" म्हणत ज्या कलम ७०१ चा धाक घालतात, ते कलम खरं आहे, पण अमेरिकेचं. तिथं सरकारी ओळखपत्राची प्रत किंवा फोटोही परवानगीशिवाय काढला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र दवाखाना, कर, सैनिकी सवलती अशा कामांसाठी प्रत काढायला तिथल्याच संरक्षण खात्याची मुभा आहे. नेमकं एवढंच निरोपात गळतं.

आपल्याकडे १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा आहे. त्याचं ६ वं कलम खोट्या सरकारी कागदांवर आणि तोतयेगिरीवर आहे. भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमात, लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख किंवा खूण मिरवणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद आहे.

तोतयांचीच धास्ती मलाही आहे. "बदली झालीय, स्कूटर स्वस्तात देतो," म्हणत जवानाच्या कार्डाचा फोटो पाठवून पैसे उकळणारे ठग तुम्हालाही भेटले असतील. बिचाऱ्या खऱ्या जवानाला त्याचा पत्ताही नसतो! म्हणून माझ्याकडे ज्याचं कार्ड, त्यानंच यायचं. प्रतीवर आडवं, कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायला लावतो. बिघडलेली प्रत त्याच्यासमोर फाडतो. आधारवर भागत असेल तर कार्ड खिशातच ठेवा म्हणतो. आधारची झेरॉक्स काढूनही माझा धंदा तेवढाच होतो.

इथून जवळच नाशिक रोडला नोटा छापतात. नोट काचेवर ठेवली की अडून बसणारी कलर मशीन असतात म्हणे. माझं मशीन कार्डापुढं अडत नाही, अडायचं मलाच.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला. मोबाईलमध्ये कार्डाचा फोटो, दोन्ही बाजू. कलर प्रिंट हवी, वर लॅमिनेशन. फोटोतला माणूस चाळिशीचा, मिशीवाला. पोराला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. "मशीन बंद आहे," म्हणालो. मागं मशीन घरघरत होतं. तो हसला, मोबाईल खिशात घातला आणि समोरच्या दुकानात शिरला.