भेगेचं चित्र

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या एका मंगळवारी, लंडनच्या एका खासगी गॅलरीत, एका चित्रकार बाईंनी माझ्या वहीतलं एक पान साडेतीनशे पौंडांना मागितलं. मी नाही म्हटलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं, तरी भांडी घासताना, बसमध्ये, झोप लागायच्या आधी मी त्या खोलीत परत जाऊन उभी राहते. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतेय.

मी कोल्हापूरची. वडील पेंटर. आमच्याकडे हा शब्द आडनावासारखा मानाने लावतात. बाबूराव मेस्त्रींना अख्खा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. बाबांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या मागची फळकुटं रंगवली, तालमींच्या भिंतींवर मारुती काढले. फ्लेक्स आले आणि निम्मं काम गेलं. मी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा, मग सीईटी देऊन मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये बीएफए केलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये एमएसाठी लंडनला आले. कर्ज घरावर आहे.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं कुणी सांगत नाही. आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारी संपतो. या आठवड्यात 12 तास भरले म्हणून पुढच्या आठवड्यात 28 चालत नाहीत. बीएच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. एमएवाल्यांना ती सुट्टीच नसते, कारण आमचा उन्हाळा प्रबंधाचा असतो. आणि कलेच्या विद्यार्थ्याची सगळ्यात जास्त कोंडी करणारा नियम हा, की स्वयंरोजगार करायचा नाही. कुणाकडे तरी नोकर म्हणून, पगारपत्रकावर, कर कापून जे मिळेल तेवढंच तुमचं.

इथलं कलेचं जग पगारपत्रकावर चालत नाही. चित्रं टांगणारे, पेट्या बांधणारे, व्हिडिओ प्रोजेक्टर लावणारे टेक्निशियन बहुतेक सगळे फ्रीलान्स. दिवसाचा दर ठरतो, काम झालं की इनव्हॉइस, म्हणजे ज्याने त्याने आपलं बिल पाठवायचं. आल्यापासून मार्चपर्यंत मला सात ठिकाणांहून होकार आला आणि सातही ठिकाणी शेवटचं वाक्य तेच होतं, "महिन्याअखेर इनव्हॉइस पाठव." मी व्हिसाचं सांगितलं की समोरचा माणूस ओशाळायचा, खरंच वाईट वाटायचं त्याला, आणि विषय संपायचा. तोवर मी एका कॅफेत कपबशा विसळत होते. 1 एप्रिल 2025 पासून किमान वेतन तासाला 12.21 पौंड झालं; 20 तासांचे आठवड्याला 244. चार आठवड्यांचे 977. त्यातले 850 खोलीला. "वीस तासांत राहण्या-खाण्याचा खर्च सुटतो आणि फीलाही हातभार लागतो" असं पुण्यात मला ज्या कन्सल्टंटने समोर बसवून सांगितलं, त्याने हा गुणाकार कधी केलाच नसेल असं मला वाटत नाही. त्याने तो माझ्या आईबाबांसमोर केला नाही, याचा मला राग आहे.

एप्रिलमध्ये एक गॅलरी अशी मिळाली जिच्याकडे तासावर काम करणाऱ्यांनाही पगारपत्रकावर घेत. 14 पौंड तास. मला वाटलं, सुटले.

आता कामाबद्दल. चित्र टांगणं म्हणजे खिळा ठोकणं, असं घरी अजून वाटतं. सगळ्यात नाजूक काम त्याच्या आधीचं असतं. पेटी आली की लगेच उघडायची नाही. हवामानाशी जुळवून घ्यायला तिला तशीच, शक्यतो 24 तास, खोलीत ठेवायची. मग नायट्राइलचे हातमोजे घालून चित्र बाहेर काढायचं, फोमच्या ठोकळ्यांवर उभं करायचं आणि त्याचा कंडिशन रिपोर्ट लिहायचा. म्हणजे चित्र आत्ता, या क्षणी, कोणत्या अवस्थेत आपल्या हातात आलं याची कागदावरची साक्ष. उद्या काही झालं तर विमावाले, वाहतूकवाले, गॅलरीवाले सगळे हाच कागद काढतात. लिहायचं फक्त पेन्सिलीने, चित्राजवळ पेन आणायचंच नाही. खोलीतले दिवे मंद करून टॉर्च चित्राच्या बाजूला जवळजवळ भिंतीला समांतर धरायचा. समोरून सपाट दिसणारा रंग त्या तिरक्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखा दिसायला लागतो. कुठे पापुद्रा सुटलाय, कुठे कॅन्व्हास ढिला पडून कोपऱ्यात वळी आलीय, कुठे मागच्या लाकडी पट्टीच्या रेषेत सरळ भेग गेलीय, सगळं उठून येतं. आजकाल फोटो काढून त्यावर खुणा करतात. मी फोटोही काढते आणि हातानेही काढते, कारण हाताने काढताना नजर जिथे थांबते तिथे कॅमेरा थांबत नाही. आमचा लीड, म्हणजे टांगणाऱ्यांचा प्रमुख, म्हणायचा, तू फार वेळ लावतेस. लावते. तो चांगला माणूस होता, पण त्याला भिंत दिसायची, चित्र नाही.

त्या सोमवारी आणि मंगळवारी एका ज्येष्ठ चित्रकर्तीचं प्रदर्शन लागत होतं. सत्तरीच्या पुढच्या बाई, पन्नास वर्षांचं काम. मंगळवारी सकाळी माझ्या वाट्याला एक मोठं तैलचित्र आलं, 183 बाय 152 सेंटिमीटर, जवळजवळ सगळंच राखाडी निळं. आधीच्या रिपोर्टमध्ये 'उत्तम, दोष नाही' एवढंच होतं. टॉर्च धरला आणि डावीकडे वरच्या बाजूला मला एक जाळं दिसलं. एकात एक गोल भेगा, आणि मधून बाहेर फुटलेल्या बारीक आडव्यातिडव्या रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. असं जाळं रंग वाळून पडत नाही. कॅन्व्हासला कुठल्यातरी एका ठिकाणी काहीतरी आपटलं की ते पडतं, आणि कधी कधी दिसायला बरीच वर्षं घेतं. कडा गोलावलेल्या होत्या, फटीत धूळ बसलेली होती. म्हणजे भेग जुनी, कालच्या प्रवासातली नव्हे.

मी लीडला बोलावलं, त्याने रजिस्ट्रारला, म्हणजे गॅलरीत चित्रांच्या ये-जा आणि नोंदी सांभाळणारीला. तिचा चेहरा उतरला. ही नोंद आत्ता झाली नसती आणि चित्र परत जाताना कुणाला भेग दिसली असती, तर दोष वाहतूकवाल्यांवर नाहीतर आमच्यावर आला असता. मी मोजमापासह आकृती काढली: केंद्र वरच्या कडेपासून 31 सेंटिमीटर, डाव्या कडेपासून 22, जाळ्याचा व्यास 9. प्रत्येक गोल, प्रत्येक फाटा. त्यात 40 मिनिटं गेली.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून मी माझ्या वहीत ते जाळं पुन्हा काढलं, मोठं, पानभर. मोजमाप नाही, फक्त भेगा आणि त्यांच्या कडेची उचललेली सावली. 2एच आणि बी, दोनच पेन्सिली. जेजेत पहिल्या वर्षी प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसवून सावलीची कड कुठे मोडते ते शोधायला लावत, तेव्हा मी कंटाळायचे. त्या दिवशी हात आपोआप शोधत होता.

बाई नेमक्या तेव्हा आत आल्या, चहा शोधत. वही उघडी होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्या.

"हा बॉल आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाचा. तो पाच वर्षांचा होता. स्टुडिओत खेळायचं नाही म्हणून त्याला मी दहा वेळा सांगितलं होतं. चित्र पाठ करून भिंतीला टेकवलेलं होतं, मागून बसला. मला वाटलं काही झालं नाही. मी तर विसरूनही गेले होते."

आम्ही बराच वेळ बोललो. मी त्यांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या अजिंठ्याच्या नकलांबद्दल सांगितलं. माझ्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली, 1872 ते 1885 या काळात लेण्यांमध्ये जाऊन त्या कॅन्व्हासवर उतरवल्या. पुढे 1885 साली लंडनलाच लागलेल्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. उरलेल्यांत बोधिसत्त्व आणि राजकन्यांच्या बरोबरीने गळून पडलेल्या गिलाव्याचे मोकळे ठिगळसुद्धा रंगवलेले आहेत. जे दिसलं ते काढलं, जे गेलं तेही काढलं. बाईंना ते फार आवडलं. मग त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, "हे मला देशील? विकत. साडेतीनशे?"

माझं कुठलंच चित्र तोवर घरच्या ओळखीबाहेर कुणी मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, मला विकता येत नाही. व्हिसा. त्यांनी रजिस्ट्रारला हाक मारली. ती खरंच मदत करायला निघाली होती, म्हणून मला तिच्याबद्दल वाईट लिहवत नाही. तिने तिथल्या तिथे हिशोब केला. साडेतीनशे भागिले चौदा, पंचवीस तास. "बाई आमच्याकडे पैसे देतील, आम्ही तुला पंचवीस तास जास्तीचे लावू." त्या आठवड्यात माझे 16 तास भरले होते, उरले होते चार. "मग वाटून लावू, आठवड्याला चार-चार. कोण बघतंय?"

कोण बघतंय. हे वाक्य मी इथे इतक्या प्रेमळ माणसांकडून ऐकलंय. त्यांच्या पासपोर्टला खरंच कुणी बघत नाही. माझ्या बाबतीत विद्यापीठ हजेरी कळवतं, पगाराची नोंद कर खात्यात जाते, आणि पुढच्या व्हिसाचा अर्ज भरणारी मीच असते. आणि ते बाजूला ठेवलं तरी, न केलेल्या कामाचे तास मी स्वतःच्या सहीने टाइमशीटवर लिहायचे होते. ज्या सकाळी मी एका खोट्या 'उत्तम, दोष नाही'वर 40 मिनिटं घालवली होती, त्याच दुपारी. मी पुन्हा नाही म्हटलं.

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. "विकायचं नसेल तर तसं सरळ सांग ना," त्या हळूच म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या. मला त्यांच्यामागे जायचं होतं. पण सुट्टी संपली होती, बाहेर दोघं ते निळं चित्र धरून माझी वाट बघत उभे होते. मध्यरेषा 150 सेंटिमीटरवर, दोन मिरर प्लेट (चित्र भिंतीला स्क्रूने पकडणाऱ्या पट्ट्या), लेव्हल. माझे हात थरथरत होते म्हणून लीडने ड्रिल काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला ईमेल केली. उत्तर आलं की स्वतःची कलाकृती विकणं हा व्यवसाय धरला जाऊ शकतो, करू नये असा आमचा सल्ला आहे. मुलांना कला शिकवायची, वर्षाअखेर भिंती देऊन त्यांचं प्रदर्शन भरवायचं, लोकांना बोलवायचं, आणि कुणी किंमत विचारली की त्यातल्या काहींनी मान खाली घालायची, ही व्यवस्था मला अजून समजलेली नाही. माझ्या वर्गातल्या इंग्रज मुलीने पदवी-प्रदर्शनात तीन चित्रं विकली. माझ्या चित्रांखाली मी 'विक्रीसाठी नाही' लिहिलं. बघणाऱ्यांना तो माझा ताठा वाटला असेल.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तसंच का दिलं न्हाईस गं त्यास्नी? भेट म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. भेट द्यायला नियमाची आडकाठी नव्हती, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. बाईंनी पैसे मोजायची तयारी दाखवली होती, ते कागदापेक्षा मोठं वाटलं होतं. फुकट दिलं असतं तर ते पुसलं गेलं असतं, असं काहीतरी तेव्हा आत होतं. बाबांनी आयुष्यात पाहुण्यांची पाटीसुद्धा फुकट रंगवली नाही. पाच रुपये घेईन पण घेईन, म्हणायचे. पण मग त्यांनीच मला हे विचारावं? मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "पाटीची गोष्ट येगळी. ही पोराच्या बॉलची गोष्ट हाय."

डिसेंबरमध्ये मला ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा, दोन वर्षांचा. अर्जाचे 880 पौंड आणि आरोग्य अधिभाराचे 2,070, असे 2,950 एकरकमी. (मागून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या एमएवाल्यांना दीडच वर्ष मिळेल.) यावर स्वयंरोजगार चालतो. जानेवारीत मी पहिला इनव्हॉइस पाठवला, क्रमांक 001, तीन दिवसांच्या कामाचा. पुढे नोकरीच्या व्हिसावर जायचं तर पगाराची सर्वसाधारण मर्यादा 41,700 पौंड आहे, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना 33,400. माझ्या 14 पौंडांच्या दराने आठवड्याला साडेसदतीस तास, बावन्न आठवडे केले तरी 27,300 होतात. त्यामुळे 2027 च्या शेवटी मी कुठे असेन ते मला आज सांगता येत नाही.

ते पान ग्लासीनच्या गुळगुळीत पातळ कागदात गुंडाळून कपाटात वरच्या खणात आहे. डिसेंबरपासून मी बाईंना कितीदा लिहायला घेतलं आणि सोडलं. शेवटी या महिन्यात गॅलरीच्या पत्त्यावर पत्र टाकलं, हाताने लिहिलेलं. तेव्हा मला खरंच विकायची परवानगी नव्हती, आता आहे, चित्र अजून माझ्याकडेच आहे, आणि तुम्हाला ते हवं असेल तर तुमचंच आहे, एवढंच लिहिलं. किमतीचं काही लिहिलं नाही. आज अकरा दिवस झाले.