कातकरी वाडीत घर बांधताना: परदेशी स्वयंसेवकांच्या गटासोबतचा माझा अनुभव

ब्रिटनमध्ये नोकरी करत असताना तेथील एका सेवाभावी संस्थेच्या गटासोबत मी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, एका कातकरी वाडीवर घरबांधणीसाठी आले. गटात मराठी जाणणारी मी एकटीच होते, त्यामुळे कागदपत्रांपासून गवंड्याच्या सूचनांपर्यंत बहुतेक गोष्टी माझ्या हातून गेल्या. असे काम करू इच्छिणाऱ्यांना या माहितीचा उपयोग व्हावा, अशी मनापासून इच्छा आहे.

पहिला टप्पा व्हिसाचा. माझे पारपत्र भारतीय असल्याने मला तो लागला नाही, पण इतरांसाठी नियम नीट वाचावे लागले. विनामोबदला आणि जास्तीत जास्त एक महिन्याचे स्वयंसेवी काम पर्यटन व्हिसावर करता येते. त्याहून अधिक काळ एखाद्या संस्थेत मानद काम करायचे असेल, तर एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो. पैशांची वाट याहून काटेकोर आहे. परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी भारतातील संस्थेची परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच जमा व्हावी लागते. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणून जी संस्था प्रत्यक्ष वाडीवर काम करते, तिचीच नोंदणी आहे का, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे.

घर कोणाचे बांधायचे, हे आम्ही ठरवले नाही आणि ते योग्यच होते. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. अशा गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरकुलासाठी दोन लाख रुपये मिळतात, पण ते हप्त्याहप्त्याने. बांधकाम ठरलेल्या टप्प्यापर्यंत आले की जागेवर उभे राहून फोटो काढला जातो, तो मोबाइलमधून स्थानासह नोंदवला जातो आणि मग पुढची रक्कम खात्यात येते. मधल्या काळात वीट, वाळू आणि सिमेंट उधारीवर आणण्याची ऐपत या कुटुंबांत नसते. स्थानिक संस्था हीच उणीव भरून काढत होती. आमच्या गटाने गोळा केलेला निधीही तिथेच गेला. खरी अडचण जागेची होती. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत, त्यामुळे घराखालच्या जमिनीचा कागद नसला की योजनेच्या यादीत नाव असूनही काम अडते. आम्ही पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून संस्थेचे कार्यकर्ते तलाठी कार्यालयात खेटे घालत होते. माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटा त्यांचा आहे.

आम्ही आलो तेव्हा जोते तयार होते. मिस्त्रींनी पहिल्या सकाळी आमच्या हातात थापी दिलीच नाही. विटा पिंपात भिजवायला लावल्या. वीट पाण्यात सोडली की बारीक बुडबुडे उठतात आणि ते थांबेपर्यंत ती बाहेर काढायची नसते. “वीट तहानलेली असते, ताई. तिला आधी पाणी पाजा, नाहीतर मालातलं सगळं पाणी तीच ओढून घेईल,” असे त्यांनी सांगितले. सहा घमेली वाळूला एक घमेले सिमेंट, आधी कोरडे कालवून मग पाणी, हे प्रमाण ते डोळ्यांत तेल घालून पाहत. कोपरे ते स्वतः ओळंबा लावून उभारत आणि त्या दोन कोपऱ्यांमध्ये ताणलेल्या दोरीला धरून मधल्या विटा आम्ही रचत असू. खालच्या थराच्या उभ्या सांध्यावर वरचा उभा सांधा आला, की ते न बोलता ती वीट उचलून बाजूला ठेवत. दिवसात भिंत छातीच्या वर चढवू देत नसत, कारण ओल्या मालावर भार पडला की भिंत ओळंब्यातून जाते. संध्याकाळी घरमालकीण मावशी भिंतींवर पाणी मारत. पाणी हातपंपावरून डोक्यावर आणावे लागे आणि भिंतीला ते किमान सात दिवस मारावे लागते, त्यामुळे पाणी वाहून आणण्याची जबाबदारी आम्ही स्वतःकडे घेतली.

वाडीतली बरीच घरे तेव्हा बंद होती. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्या या माणसांची स्वतःची घरे मात्र कुडाची असतात, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. मावशींचे थोरले चिरंजीव त्या वर्षी भट्टीवर गेले नाहीत. आपल्याच घरावर काम करून रोजगार हमीची मजुरी मिळवता येते, हे त्यांना वेळेवर कळले होते.

तिकिटाच्या पैशांत स्थानिक गवंडी ठेवता आले नसते का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो रास्त आहे. गवंड्याची मजुरी आणि साहित्याचा खर्च आधी पूर्ण भागत असेल, तरच स्वयंसेवकांनी यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भिजवणे, वाहणे, कालवणे यांत आमच्या हातांचा उपयोग होतो. गवंड्याची जागा आम्ही घेऊ नये. पुढचा गट दिवाळीपूर्वी, कुटुंबे वाडीवर असतानाच यावा, असे मी दोन्ही संस्थांना लेखी कळवले आहे आणि त्याप्रमाणे तारखा ठरवण्याचे काम सध्या सुरू आहे.