रापणीचा दोर आणि बावन्न सेकंद

मी ॲनिमेशन शिकायला पुण्याला जाणार, ही बातमी मालवणजवळच्या आमच्या वाडीत पसरली तेव्हा शेजारच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "काय गो बाय, कार्टुना काढून पोट भरतला?" एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती, तेव्हा मी शाळेत चित्रकला शिक्षिका व्हावे, असे घरच्यांना वाटत होते. काकांना मी उत्तर दिले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. प्रवेश घेताना ‘शंभर टक्के नोकरी’ असे सांगणाऱ्या संस्थेनेही ते दिले नाही. शेवटच्या सहामाहीत तिने आमच्या हाती ईमेल पत्त्यांची एक यादी ठेवली आणि त्यांतले निम्मे पत्ते बंद पडलेले निघाले.

शिक्षण मात्र वाया गेले नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. पहिल्या वर्षी आम्ही कागदावर उसळणारा चेंडू काढला. एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, पण प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले की १२ चित्रांत काम भागते. चेंडू वर पोहोचला की चित्रे एकमेकांना चिकटून येतात, खाली येताना ती लांब लांब होत जातात आणि हे अंतर जरा चुकले की रबरी चेंडूचा फुगा होतो. वजन ही रेषेत नसून दोन चित्रांमधल्या अंतरात असलेली गोष्ट आहे, हे मला तेव्हा पाठ झाले होते. कळायला आणखी तीन वर्षे लागली.

पदवीच्या फिल्मसाठी ‘तुमच्याकडचे काहीतरी आणा’ असा शिक्षकांचा आग्रह होता, म्हणून मी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजातील कलावंतांची चित्रकथी पाहिली. तिथले मोठ्या डोळ्यांचे राजे-राण्या उचलून फिल्ममध्ये लावणे सोपे होते आणि मी काही अंशी तेच केले, त्याचा मला आज थोडा संकोच वाटतो. खरे शिकण्यासारखे वेगळेच होते. कथेकरी एक चित्र समोर धरतो, गातो, सांगतो आणि प्रसंग पुरता रंगल्याशिवाय पुढचे चित्र काढत नाही. आमच्या भाषेत याला ‘होल्ड’ म्हणतात, आणि नवशिक्या ॲनिमेटरला नेमके तेच जमत नाही. त्याचे पात्र सतत काहीतरी हालचाल करत राहते.

फिल्म १०० सेकंदांची, म्हणजे २,४०० फ्रेमची होती. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. महाग असतो तो वेळ. माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने तिचे अंतिम चित्र तयार करण्याला, सरासरी तीन मिनिटे लागत होती, म्हणजे एकूण १२० तास. टाळेबंदीमुळे मी घरीच होते. १२ मे २०२१ च्या संध्याकाळी रेंडर सुरू करून मी लॅपटॉपवर टेबलफॅन रोखला आणि अज्ञानापोटी सगळे एकाच व्हिडिओ फाइलमध्ये लिहिले जाईल अशी मांडणी ठेवली. तौक्ते वादळाची सूचना आली तोपर्यंत बरेच काम उरकले होते आणि ते थांबवायला जीव धजेना. १६ तारखेला वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी जेमतेम दीड तास टिकली आणि अर्धवट राहिलेली ती फाइल पुढे कोणत्याही प्लेअरमध्ये उघडली नाही. वादळात आमच्या दोन माडांनी मान टाकली होती, गोठ्याची कौले उडाली होती. अशा घरात माझ्या फाइलचे दुःख सांगायचे तरी कोणाला? सहाव्या दिवशी वीज आली, तेव्हा मी प्रत्येक फ्रेमचे वेगळे चित्र साठवत रेंडर पुन्हा पहिल्यापासून लावले. अशा पद्धतीत वीज गेलीच, तर चालू असलेली एक फ्रेमच बुडते. ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती, म्हणून मी ती भेटेल त्या विद्यार्थ्याला सांगते.

त्यानंतर नोकरीचा शोध. माझी पहिली शोरील, म्हणजे नोकरीसाठी पाठवायची कामाच्या नमुन्यांची चित्रफीत, ३ मिनिटे ४० सेकंदांची होती. तिच्यात मी घडवलेली मॉडेल्स होती, प्रकाशयोजना होती, माझ्या नावाचा फिरणारा लोगो होता आणि शेवटी अख्खी फिल्म होती. ३१ ठिकाणी पाठवली. दोन उत्तरे आली. पहिल्या ठिकाणी ‘चाचणी’ म्हणून तयार पार्श्वभूमीसह चार शॉट दिले, एकूण २० सेकंदांचे आणि अर्थातच बिनपैशांचे. मी रात्री जागून ते पूर्ण केले आणि त्यानंतर तिकडून कोणी फोन उचलला नाही. साध्या रिगवर, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्यात बसवलेल्या सांगाड्यावर, दहा सेकंदांच्या आतले काम मागितले तर ती चाचणी. त्यापुढे मागतात ती वेठ, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

दुसरे उत्तर मात्र उपयोगी निघाले. एका वरिष्ठ ॲनिमेटरनी लिहिले होते की, मला नेमके कोणते काम हवे आहे ते रील पाहून समजत नाही. संस्थेत एकच विद्यार्थी मॉडेलिंगपासून संकलनापर्यंत सगळे करतो आणि त्याचेच त्याला कौतुक वाटते. स्टुडिओत मॉडेलिंग, रिगिंग, ॲनिमेशन, लायटिंग हे निरनिराळे विभाग असतात आणि प्रत्येक विभागप्रमुख आपल्या कामापुरतेच पाहतो. मी रीलमधून ॲनिमेशन सोडून सगळे काढले, तेव्हा ३१ सेकंद उरले. त्यांतही जड वस्तू हलवणारे एकही पात्र नव्हते.

म्हणून मी रापणीचा शॉट करायला घेतला. होडीने जाळे अर्धगोलात टाकून आले की दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे ओढतात, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि तरीही माझ्या पहिल्या प्रयत्नात माणूस हातांनी दोर ओढत होता, पतंगाचा मांजा ओढावा तसा. मी मोबाइल घेऊन किनाऱ्यावर गेले. चित्रीकरण पाहून एका म्हाताऱ्या रापणकराने हसत सांगितले, "दोरी हातान ओढूची नसता गो, टाचेन ओढूची असता." घरी येऊन मी ती चित्रफीत फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून पाहिली. आधी टाच वाळूत रुतते, मग कंबर मागे आणि खाली जाते, तीन-चार फ्रेमनंतर खांदे जातात, आणि हात तर जवळजवळ सरळच राहतात. या सगळ्यात पहिल्या आठ फ्रेम दोर जागचा हलत नाही. मी रिगमधला कंबर हलवणारा कंट्रोल आधी हलवला, हातांच्या ‘की’ (पोझ ठरवणाऱ्या मुख्य फ्रेम) आठ फ्रेम पुढे ढकलल्या आणि दोर ताठ होण्याआधी किंचित थरथरू दिला. पाच सेकंदांच्या त्या शॉटला १९ दिवस लागले.

५२ सेकंदांच्या या नव्या रीलवर मुंबईतल्या एका स्टुडिओने चाचणी घेतली: एक पात्र, एक जड पेटी, सात दिवस. दूरचित्रवाणीवरच्या मुलांच्या मालिकेसाठी सहा महिन्यांचा करार मिळाला. तिथे दिवसाला सहा-सात सेकंद द्यावे लागत, त्यामुळे १९ दिवसांची चैन संपली. पहिल्याच आठवड्यात लीडने, म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुखाने, माझा शॉट परत पाठवताना म्हटले की शॉट चांगला आहे, पण तो आपल्या मालिकेचा नाही. त्या मालिकेतली पात्रे एका पोझमधून दुसरीत झटक्यात जात आणि मी त्यांना रापणकरांसारखे सावकाश वाकवत होते. फाइलना ‘फायनल_नवे_शेवटचे’ अशी नावे देण्याची सवयही तिथेच मोडली. मालिका प्रसारित होईपर्यंत त्यातला एकही शॉट बाहेर दाखवायचा नाही, अशी करारातली अट होती. त्यामुळे सहा महिने संपले तेव्हा हाती अनुभव होता, पण रील जुनीच. पुढचे काम मिळेपर्यंतचे अडीच महिने घरी काढताना काकांचा प्रश्न मला रोज आठवत असे.

दुसऱ्या स्टुडिओच्या मुलाखतीत रापणीचा शॉट चालू असताना समोरच्या बाईंनी तो ४० व्या फ्रेमवर थांबवला आणि डावी टाच वाळूवर घसरते आहे, एवढेच दाखवले. मी तो शॉट शेकडो वेळा पाहिला होता. काम मिळाले, तरी ती टाच मला झोपू देईना. त्या वर्षी गणपतीसाठी गावी गेले, तेव्हा गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जुनी फाइल उघडून मी ती टाच जागेवर रुतवली.