कारण : कायदा व सुव्यवस्था

६ डिसेंबर २०२२. संध्याकाळी पाचच्या सुमारास कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतून फोन आला. "गाडी कागलात लावल्या. ड्रायव्हर पुढं जायला तयार न्हाई. ई-वे बिल आज रात्री संपतंय, काय करायचं सांगा." ई-वे बिल म्हणजे माल रस्त्यानं न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते.

त्या दिवशी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरून हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. हिरेबागेवाडी बेळगावच्या पलीकडं, धारवाडच्या रस्त्याला आहे. आमची गाडी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीपर्यंतच येणार होती, त्या नाक्याशी तिचा संबंध नव्हता. पण एमएच-०९ ची पाटी लावून कोगनोळीचा सीमानाका ओलांडायला ड्रायव्हर घाबरला, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

गाडीत ३२० बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायची ओतीव घरं होती. नगाला ११ किलो, म्हणजे साडेतीन टन माल. शिरोलीत ओतायचं, बेळगावात मशिनिंग करायचं आणि तयार माल परत शिरोलीला पाठवायचा, हे वर्षानुवर्षं चालू आहे. जीएसटीच्या आधी असल्या आंतरराज्य जॉबवर्कला महिन्यामागं एफ फॉर्म, म्हणजे माल विकलेला नाही, नुसता पाठवलाय याचा दाखला, सांभाळावा लागे. १ जुलै २०१७ नंतर ते गेलं, विक्रीकराचे नाके उठले. आता डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल एवढ्यावर माल येतो. मात्र एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. ५० हजारांच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही, ही सवलत परराज्यातल्या जॉबवर्कला नाही. हजार रुपयांचं एक कास्टिंग पाठवलं तरी बिल काढावंच लागतं.

मुदतीचा हिशेब असा. २०० किलोमीटरला एक दिवस, आणि तो दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. शिरोलीच्या अकाउंटंटनं ५ तारखेच्या संध्याकाळी, माल भरायच्या आधीच बिल काढून ठेवलं होतं. ही सवय मला अजिबात पटत नाही. गाडी भरून दोरी आवळली की मग बिल काढावं. सहा तारखेला सकाळी काढलं असतं तर एक अख्खा दिवस हातात राहिला असता.

मुदत संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्यातच ती वाढवता येते, आणि वाढवायची ती माल ज्याच्या ताब्यात आहे त्या वाहतूकदारानं, म्हणजे आम्ही. मुदत संपलेलं बिल घेऊन गाडी रस्त्यात सापडली की जीएसटी कायद्याचं कलम १२९ लागतं. माल २ लाख ८० हजारांचा, १८ टक्क्यांनी कर ५० हजार ४००, आणि दंड त्याच्या दुप्पट. एका खेपेचं भाडं आणि मजुरी त्यापुढं काहीच नाही.

उद्यमबागेच्या मालकांनी लगेच केए-२२ ची, बेळगाव पासिंगची गाडी कागलला धाडली. ड्रायव्हर हुक्केरीकडचा, घरी कन्नड बोलणारा. "मामा, जाल ना?" विचारलं तर म्हणाला, "जातो की. लोखंडाला काय भाषा असते?" रात्री नऊला पेट्रोल पंपामागं दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या. चार हमाल होते, फोर्कलिफ्ट नव्हती.

इथं जे नुकसान झालं त्याची कुठंही नोंद होत नाही. हाउसिंगच्या तळाला तीन छोटे उंचवटे असतात, लोकेटिंग पॅड म्हणतात त्यांना. फिक्श्चरमध्ये, म्हणजे मशिनवर नग धरणाऱ्या पकडीत, कास्टिंग याच तीन पॅडांवर बसतं. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हातानं टाकताना एखाद्या पॅडाचा कपचा उडाला की कास्टिंग केसभर तिरकं बसतं. बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, सरकतो, एका बाजूला साहित्य उरत नाही, आणि हे कळतं तेव्हा मशिनिंग होऊन गेलेलं असतं. म्हणून बेळगावात उतरल्यावर एकेक नग सपाट प्लेटवर ठेवून हलतो का बघितला. नऊ बाद निघाले. शिरोलीहून लोखंडी बिनमध्ये रचून आलेला माल असा कधीच फुटत नाही.

मध्ये कागदाचं काम. पोर्टलवर मुदतवाढीचं कारण यादीतून निवडावं लागतं : नैसर्गिक आपत्ती, कायदा व सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत घेणं, अपघात, इतर. ऑफिसातला पोरगा म्हणाला, "गाडी बदलली म्हणून टाका, कुणी काही विचारणार नाही." तेही खरंच होतं. पण गाडी बदलावी का लागली? मी कायदा व सुव्यवस्था निवडलं. खाली नवा गाडी नंबर, सध्याचं ठिकाण कागल, उरलेलं अंतर नव्वदच्या आसपास. रात्री साडेदहाला मुदत वाढून आली.

तोपर्यंत पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासल्याची बातमी आली होती आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या. माल नंबरपाटी बदलून पुढं गेला. माणसं स्टँडवर बसून राहिली.

व्यापार मोकळा झाला, सीमा उघडल्या की जग एक होईल, असं म्हणणाऱ्यांना मी कधी खोडून काढलं नाही. माझं पोट त्याच मोकळ्या वाटेवर आहे. त्यांचं आवडतं उदाहरण युरोपचं. १९५१ च्या पॅरिस करारानं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गनं कोळसा आणि पोलाद सामाईक केलं. आमचं शिरोली-उद्यमबाग त्याचंच छोटं रूप, एकानं ओतायचं, दुसऱ्यानं घडवायचं. पण त्या करारात जकात उठवण्यासोबत सामाईक अधिकार मंडळ होतं, प्रतिनिधींची सभा होती, तंटे मिटवणारं न्यायालय होतं. व्यापार आणि निवाडा एकाच कागदावर आले. एवढं करूनही २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा जर्मनी-ऑस्ट्रियानं शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बिनतपासणीच्या क्षेत्राच्या, आतल्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केलीच.

आपल्याकडं कराचं एकीकरण २०१७ ला झालं, राज्यांना एकत्र बसवणारी जीएसटी परिषदही झाली. सीमेचा तंटा १९५६ चा. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. ज्या प्रश्नाला निवाडा हवा त्याच्यावर आम्ही व्यापाराचं ओझं टाकून बसलोय, आणि व्यापार बिचारा गाडी बदलून वाट काढतो. हुक्केरीचा तो मामा आणि कागलचा तो ड्रायव्हर यांनी त्या रात्री एकाच बाटलीतलं पाणी प्यायलं, मालाची दोरी मिळून आवळली, आणि एक उत्तरेला वळला, एक दक्षिणेला.

तेव्हापासून शिरोलीला सांगून ठेवलंय. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या आठवड्यात, आणि बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असताना केए-२२ ची गाडीच थेट फाउंड्रीत पाठवायची, माल बिनमधून उचलायचा नाही. भाडं थोडं जास्त पडतं. ते आता दोघं मिळून वाटून घेतात.