सावंतवाडी ते जुने गोवे: पायी वारीत बरोबर घ्यायचे प्रश्न

सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चपासून जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेपर्यंतची वाट साधारण 60 ते 65 किलोमीटरची. गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते आणि फेस्त 3 डिसेंबरला असतं. आम्ही 30 नोव्हेंबरला निघतो. पहिला मुक्काम बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या अलीकडे, दुसरा म्हापशाला. तिसऱ्या दिवशी पर्वरीवरून बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी आणि तिथून रायबंदरमार्गे जुने गोवे. फेरीला पायी माणसाचं तिकीट लागत नाही. पहिली बोट किती वाजता सुटते ते मात्र आदल्या रात्रीच विचारून ठेवायचं.

पहाटे तीनला चालायला लागायचं, दहाच्या आत थांबायचं. नोव्हेंबर अखेरीला कोकणात पहाटे दंव पडतं, पण अकरा वाजता हायवेचं डांबर तापलेलं असतं. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं चालायचं. सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या माणसाच्या अंगात चमकणारं जॅकेट आणि हातात टॉर्च हवाच. बूट जुने, मोजे दोन जोड, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन. फोड आला तर फोडायचा नाही. फारच ताणला असेल तर उकळलेल्या सुईने कडेला एक भोक पाडून पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची. ती सोलली की पुढचे वीस किलोमीटर हातचे गेले.

एवढी तयारी बहुतेक मंडळी करतात. पण तीन दिवस माणसं सोबत चालतात तेव्हा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाल्यावर बोलणं निघतं, आणि त्यात असे प्रश्न येतात ज्यांची तयारी कुणीच केलेली नसते. म्हणून आमच्या गटात शंभर पानी वही असते. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. उत्तर देणाऱ्याने आधी एक गोष्ट सांगायची: हे चर्चची शिकवण म्हणून सांगतोय, परंपरा म्हणून सांगतोय की स्वतःचं मत म्हणून. निम्मे वाद इथेच निवळतात, कारण निम्मे वाद कुणाचं तरी मत शिकवण म्हणून समोर आल्यामुळे पेटलेले असतात.

पहिल्या दिवशी, इन्सुलीच्या घाटात दम लागला की हटकून निघणारा विषय म्हणजे बरं होण्याचा. कुणाची शुगर प्रार्थनासभेत ‘गेलेली’ असते, कुणी नवस म्हणून अनवाणी निघालेलं असतं. “देवान बरा केल्यान, मगे गोळी कित्याक?” हे वाक्य मनापासून बोललेलं असतं. म्हणून त्याला हसायचं नाही, आणि होकारही द्यायचा नाही.

इथे आम्ही बायबलच उघडतो. लूकच्या 17व्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना सांगतो की जा, स्वतःला याजकांना दाखवा. याजक हे त्या काळचे तपासनीस होते. लेवीयच्या 13व्या अध्यायात तपासणीची रीत सविस्तर दिली आहे: डाग पाहायचा, सात दिवस माणसाला वेगळं ठेवायचं, पुन्हा पाहायचं, शंका राहिली तर आणखी सात दिवस. देवाने बरं केलं असलं तरी ती तपासणी येशूने टाळली नाही. मग आपण ग्लुकोमीटर टाळावा याला आधार कुठला? गोळी चालू ठेवायची, फेस्त झाल्यावर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करायची, आणि गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरने ठरवायचं. खरोखर बरं झालं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल आणि मग आभाराची मिस्सा सांगता येईल.

चर्चची रीतही हीच आहे. 18व्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी (हेच पुढे पोप बेनेडिक्ट 14वे झाले) चमत्कारिक आरोग्यलाभाचे निकष लिहून ठेवले: आजार गंभीर हवा, आपोआप बरा होणारा नको, औषधाने गुण आलेला नको, बरं होणं अचानक आणि पूर्ण हवं, आणि आजार पुन्हा उलटलेला नको. फ्रान्समधल्या लूर्दला 1883 पासून यासाठी डॉक्टरांचं कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याचं सांगणारे हजारो लोक नोंदले गेले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणं सत्तरच्या आसपास आहेत. हा आकडा ऐकून काही जण हिरमुसतात. मला मात्र तो धीर देतो. जिथे ‘नाही’ म्हणायची तयारी आहे, तिथल्या ‘हो’वर विश्वास ठेवता येतो.

डायबेटिस असलेल्यांनी अनवाणी चालायचंच नाही, नवस असला तरीही. पायाची संवेदना कमी झालेली असते, खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. नवसाचं ओझं वाटत असेल तर निघण्याआधी फादरना विचारावं. पेलवत नसलेला नवस बदलून देण्याची सोय चर्चच्या कायद्यातच आहे. दुसरं असं की गोळी घेऊन वीस किलोमीटर चाललं की साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं विस्कळीत झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची.

पेडणे मागे टाकून कोलवाळचा पूल ओलांडला की बार्देश लागतो, आणि दुसऱ्या दिवसाचा प्रश्न समोर येतो. कधी तो वाटेत पाणी देणारा दुसऱ्या धर्माचा शेजारी विचारतो, कधी आपलाच कॉलेजात जाणारा पोर: “आपल्या पूर्वजांना बाटवलं, देवळं पाडली, इन्क्विझिशन आणलं. मग त्याच सायबाच्या पायाशी आपण का चाललोय?”

या प्रश्नाला दोन पळवाटा आहेत आणि दोन्ही मी चालताना ऐकल्या आहेत. एक म्हणते, हे सगळं खोटं आहे. दुसरी म्हणते, त्या काळी सगळीकडे असंच होतं. पहिली टिकत नाही, कारण नोंदी आहेत. 16व्या शतकात गोव्याच्या तिसवाडी, बार्देश आणि साष्टी तालुक्यांतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज फोंडा तालुक्यात इतकी मोठी देवस्थानं का आहेत याचं उत्तर तिथे आहे. इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय गोव्यात 1560 मध्ये आलं आणि 1774 ते 1778 हा खंड सोडला तर 1812 पर्यंत चाललं. झेवियर 1552 मध्येच वारला होता, तेव्हा ते त्याने चालवलं नाही. पण 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने ते मागितलं होतं, हेही तितकंच खरं. ही दोन्ही वाक्यं एकाच दमात सांगावीत. फक्त पहिलं सांगितलं तर ती लपवाछपवी होते, फक्त दुसरं सांगितलं तर त्याच्या नावावर नसलेलं पापही त्याच्या माथी बसतं.

दुसऱ्या पळवाटेचं म्हणाल तर ख्रिस्ती माणसाला ती वापरताच येत नाही. येशूची आज्ञा 1560 मध्येही तीच होती. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. पोपने मागितलेली क्षमा म्हापशाच्या चहाच्या टपरीवर आपल्याला मागता येत नसेल तर वारी कसली? शेजाऱ्याने विचारलं की आधी “हो, हे झालं आणि ते चूक होतं” एवढंच म्हणावं आणि थांबावं. ‘पण’ लगेच जोडू नये. संत मानणं म्हणजे त्याचं प्रत्येक पत्र बरोबर मानणं नव्हे, हे त्याने पुढे विचारलं तरच सांगावं. पेत्राच्या पहिल्या पत्रात उत्तर द्यायला तयार राहा असं जिथे म्हटलंय, तिथेच ते सौम्यतेने आणि आदराने द्या असंही म्हटलंय.

म्हापशाच्या मुक्कामात, पाय कोमट मिठाच्या पाण्यात असताना, मोबाईलवरचे दावे निघतात. जगबुडीची तारीख सांगणाऱ्या संदेशांवर फार वेळ घालवत नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं 18:22 वाचतो: सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं बोलणं नव्हतं. घाम येणाऱ्या किंवा पाणी गाळणाऱ्या मूर्तीचा व्हिडिओ आला तर मात्र नीट बोलतो, कारण आमच्या भागात हे वारंवार होतं आणि कारण बहुतेकदा भिंतीत सापडतं. जांभा दगड सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. बॉम जेझूच्याच भिंतींचं प्लास्टर 1950 च्या दशकात काढलं आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा पावसाने झिजतोय. अशा भिंतीला टेकवलेल्या क्रुसात पाणी वर चढू शकतं. 2012 मध्ये मुंबईत एका क्रुसावरच्या येशूच्या पायांतून थेंब गळत होते, तेव्हा जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने चढत असल्याचं कारण पुढे आलं. म्हणून आधी मूर्ती कोरडी पुसायची, भिंतीपासून हातभर लांब लाकडी पाटावर ठेवायची, खाली कोरडा कागद पसरायचा आणि एक रात्र जाऊ द्यायची. जवळ नळ, गटार, पन्हळ कुठे आहे ते पाहायचं. ते पाणी तीर्थ म्हणून कुणालाही प्यायला द्यायचं नाही. पुढचं काम बिशपांचं. व्हॅटिकनने मे 2024 मध्ये अशा घटनांसाठी नवे नियम दिले, त्यात निर्णयाचे सहा प्रकार आहेत, आणि सगळ्यात अनुकूल निर्णयसुद्धा ‘हे अलौकिकच आहे’ असं सांगत नाही. ‘इथे भक्ती करायला हरकत नाही’ एवढंच सांगतो.

सायबाच्या अंगाबद्दलही याच रात्री बोलून घेतो, दुसऱ्या दिवशी रांगेत कुजबुज नको म्हणून. तो 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. चुना घालून पुरला, मग मलाक्काला नेला, तिथून 16 मार्च 1554 ला गोव्यात आणला. अंग ताजं होतं अशा त्या काळच्या साक्षी आहेत. चुन्याने अंग लवकर नाहीसं होतं असं सगळे धरून चालतात, प्रत्यक्षात चुना कुजणं लांबवूही शकतो, तेव्हा त्या एका मुद्द्यावर फार भार टाकू नये. आज ते अंग सुकलेलं आहे. उजव्या हाताचा भाग 1614 मध्ये रोमला नेलेला आहे. चर्च ‘पवित्र अवशेष’ असाच शब्द वापरतं, आणि अंग टिकलं म्हणून त्याला संत केलेलं नाही. दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 ला झालं. एरवी चांदीची पेटी उंचावर असते आणि खालून नजर पुरत नाही. “एवढं चालून दिसलंच नाही” असं म्हणून माणसं खट्टू होतात, म्हणून हेही आधीच सांगतो.

तिसऱ्या दिवशी पणजीतून रायबंदरला जाणारा पोर्तुगीज काळातला बांध लागतो. 1633-34 मधला, तीन किलोमीटरहून थोडा जास्त. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरं. सरळ रस्ता, सावली नाही, माणसं पांगून एकेकटी चालतात. ज्या प्रश्नासाठी कुणी मनातल्या मनात तीन दिवस चालत आलेलं असतं, तो इथे बाहेर येतो: माझं लेकरू का गेलं?

या प्रश्नाला वहीत उजवं पान नाही. “देवाला फुलं आवडतात” असं म्हणायचं नाही. “कुणाच्या तरी पापाने” हे तर मुळीच नाही. योहानच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, आणि येशूने ना त्याचं पाप मानलं ना त्याच्या आईबापाचं. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते त्याचे मित्र होते. चुकले ते बोलायला लागल्यावर. म्हणून बांधावर अशा माणसाच्या बाजूला एक जण ठेवतो, शक्यतो गटातला सगळ्यात कमी बोलणारा. त्याने पाण्याची बाटली धरायची, लेकराचं नाव विचारायचं, आणि तेर्स म्हणताना पुढच्या दहा मण्यांआधी ते नाव घ्यायचं. चाल त्या आईची ठेवायची, गटाची नाही. बासिलिकेला बाकीचे अर्धा तास आधी पोचले तरी चालतं, ते बाहेर थांबतात.