मेळावा, अहवाल आणि चपटे झालेले ठिपके

निवृत्त झाल्यावर अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहायला जायचं, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. अक्षर बरं, वेळ मोकळा, घर सदाशिव पेठेत, म्हणजे कितीतरी परीक्षा केंद्रं चालत गाठता येतात. अशा विद्यार्थ्यांना लेखनिक मिळवून देणाऱ्या संस्थेत गेलो तर तिथलं काम बघणाऱ्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, शिक्षण किती?" बी.कॉम. म्हटल्यावर त्या हसल्या. लेखनिकाचं, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्याचं, शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी लागतं. दहावीच्या मुलाला नववीतला चालतो, पदवीच्या मुलाला बारावी झालेला. माझ्यासारखा फार तर एम.ए.च्या पेपराला बसणार, आणि तसे पेपर येतात मोजके. "पण बँकेत होतात ना? मग वार्षिक अहवाल तुम्ही करा."

हिशेबातून सुटून आलो होतो तो पुन्हा हिशेबातच. अहवालाला जोडून लेखनिकांचा मेळावा असतो, तोही ओघाने माझ्याकडे आला.

आधी तारखेवरून घोळ झाला. एका विश्वस्तांचं म्हणणं, ५ डिसेंबरला घ्या, जागतिक स्वयंसेवक दिन आहे, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला. दिवस चांगलाच, पण आमचे निम्मे लेखनिक कॉलेजातले आणि त्या सुमारास त्यांच्याच सत्र परीक्षा. आमच्या कामातली मुख्य गोम हीच आहे, की त्या नियमामुळे लेखनिक बहुतेक विद्यार्थीच मिळतो आणि आम्हाला तो नेमका परीक्षेच्या मोसमात लागतो. शेवटी जुनाच रिवाज कायम राहिला. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की नंतरचा रविवार. तोवर ३१ मार्चचे हिशेब बंद होऊन सीएंकडे गेलेले असतात, देणगीदारांची ८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची, प्रमाणपत्रंही मार्गी लागलेली असतात.

मग रजिस्टर उघडलं. तारीख, परीक्षार्थी, लेखनिक, विषय, केंद्र, सही असे रकाने. एकच मुलगी तीन ठिकाणी तीन स्पेलिंगांनी. कुठे नुसतं 'दादा' लिहिलेलं. ज्यांनी जास्त पेपर लिहिले त्यांच्याच सह्या कमी, कारण पेपर संपला की ती मुलं स्वतःच्या क्लासला पळालेली. चार संध्याकाळ मी व्हॉट्सॲपच्या जुन्या निरोपांशी रजिस्टर ताडून पाहत बसलो. बँकेत असा लेजर असता तर मी शिपायाकरवी परत पाठवला असता.

पेपरांची बेरीज जुळल्यावर तास काढायला घेतले. भाषेचा पेपर तीन तासांचा, म्हणून गुणिले तीन. आमचा एक माजी विद्यार्थी, आता स्वतः नोकरी करतो, तो शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, "काका, तीन कुठले? चार." अंध विद्यार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचे चार होतात आणि गणिताच्या दोन तासांचे दोन तास चाळीस मिनिटं. अकराला बसलेली नववीतली मुलगी भाषेच्या पेपरातून तीनला बाहेर येते. सगळा तक्ता पुसून पुन्हा केला. मला त्या चुकीची लाज वाटली, कारण तो जादा वेळ म्हणजेच तर आमचं काम.

एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरली. ताळेबंदात लेखनिकांच्या रिक्षाचं भाडं आहे, चहा आहे, झेरॉक्स आहे. त्यांचे तास मात्र त्यात कुठेच नाहीत. सीएंना विचारलं तर ते म्हणाले, ज्याचे पैसे दिले नाहीत ते आम्ही कुठे लिहिणार? बरोबरच आहे. मग ते लिहायची जागा अहवालातच, असं मला वाटलं आणि मी जरा उत्साहात आलो. ताई पेपरच्या आदल्या रात्री अकरापर्यंत फोन लावत असतात, कारण ठरलेल्या लेखनिकाला ताप आलेला असतो. म्हटलं, हेही घालू या. ताई म्हणाल्या, "अजिबात नको. वाचणाऱ्याला वाटेल आमचे लेखनिक ऐनवेळी टांग देतात." ते वाक्य गेलं. मला अजूनही वाटतं ते राहायला हवं होतं.

मेळाव्यात दाखवायला फोटो निवडत होतो. समोर बसणाऱ्यांत बरेच जण न बघणारे, त्यामुळे प्रत्येक फोटोचं वर्णन माइकवरून सांगायचं असतं. मागच्या वर्षी कोणीतरी पाच मिनिटं नुसतं संगीत लावून चित्रं फिरवली होती, आणि अर्धं सभागृह विचारत होतं, काय चाललंय? म्हणून या वेळी आधी तालीम. ताई सांगत गेल्या, "शाळेचं फाटक. पायरीवर एक बाई बसल्यात, मांडीवर डबा." मागून एक दहावीचा मुलगा म्हणाला, "त्या आमच्या लेखनिकच्या आई. मला थालीपीठ दिलं होतं त्यांनी."

रजिस्टरात त्या नव्हत्या. असणार कशा? नववीतल्या मुलीला अनोळखी केंद्रावर एकटीला कोण पाठवेल? आई सोबत येते, फाटकाबाहेर चार तास बसते आणि मुलीला घेऊन जाते. मी पानं पुन्हा उलटली. नववीतल्या लेखनिकांच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीमागे असं कोणीतरी बसलेलं होतं. आई, आजोबा, एकीचा तर रिक्षावाला काका, मीटर बंद करून.

विश्वस्तांच्या बैठकीत मी म्हटलं, यांचेही तास धरू. वाद झाला. एकाचं म्हणणं, बाहेर बसणं ही सेवा कशी? आकडा फुगवल्यासारखा दिसेल. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आम्ही मोजलेलंही नव्हतं. शेवटी अहवालात एक ओळ आणि स्टेजवर पालकांना लेकरांसोबत बोलवायचं, एवढ्यावर मिटलं.

राहिली प्रमाणपत्रं. छापील मजकूर होताच, पण लेखनिकाचं नाव ब्रेलमध्ये हवं असा आग्रह मुलांचा. ज्यांचे पेपर लिहिले त्यांनीच ते टोचायचं. दोघं जण ब्रेलची पाटी घेऊन बसले. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटला की ठिपके वर येतात आणि नाव डावीकडून वाचता येतं. जाड कार्ड पेपर अप्पा बळवंत चौकातून आणला होता. पहिली दहा झाल्यावर मी हुशारी केली. पावसाळ्याचे दिवस, भिजू नयेत म्हणून दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. दुकानदाराचा दोष नाही, त्याने सांगितलं तेच केलं. परत आल्यावर एकाने त्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "काका, यावर काहीच नाहीये." यंत्राच्या गरम रुळांखाली ठिपके चपटे झाले होते. माझ्या डोळ्यांना त्यांच्या खुणा दिसत होत्या, त्याच्या बोटांना काही लागत नव्हतं. ती दहा छापण्यापासून पुन्हा केली आणि सगळी प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली.

मेळाव्याच्या दिवशी पाऊस होता, भाषणं ठरल्यापेक्षा लांबली, बटाटेवडे गार झाले. हे दरवर्षीचंच. पण नावं पुकारायच्या वेळी गंमत झाली. ब्रेलमधलं आपलं नाव एकाही लेखनिकाला वाचता येईना. ती मुलं कार्ड घेऊन आपापल्या परीक्षार्थीकडे जायची आणि तो बोट फिरवून वाचून दाखवायचा. एकाने मुद्दाम चुकीचं वाचलं आणि दोघंही हसत सुटली. थालीपीठवाल्या बाई स्टेजवर यायला तयार नव्हत्या. "मी काय केलंय?" म्हणत पर्स सावरत आल्या आणि फोटोत अर्ध्याच आल्या.

खुर्च्या उचलताना ताईंचा फोन वाजला. दहावीच्या पुरवणी परीक्षेला एक मुलगा बसतोय, मंगळवारी मराठीचा पेपर, लेखनिक नाही. माझी नजर थालीपीठवाल्या बाईंच्या मुलीकडे गेली, पण ती जूनपासून दहावीत. नियमाने बाद.

तिच्या आई दारात छत्री उघडत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "धाकटा नववीत आलाय आता," त्या म्हणाल्या. "पण काका, त्याचं अक्षर एकदा बघून घ्या हं. मला काही खात्री नाही."